उमटालीहून दिसणारा समुद्र

२ ऑगस्ट १९६४, रविवार. झिंडेलफिंगेन, जर्मनी

माफ कर, वही. फार दिवसांनी उघडतोय तुला. सुलेखानं दिवाळीला दिली होती. "मामंजी, दिवसभर खिडकीत बसता, काहीतरी लिहीत जा." चार पानं लिहिली आणि कपाटात ठेवली. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. लिहिलं की आपलंच आपल्याला वाचावं लागतं, त्याची भीती. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. अक्षर शिंप्याचं, माप टिपण्यापुरतं.

आज लिहायला बसलो कारण खालचे लोक आफ्रिकेला चाललेत.

खालचे म्हणजे बॉयर्ले नवरा-बायको. घर त्यांचं, वरच्या तीन खोल्या आमच्या — मुलगा भास्कर, सून सुलेखा, नात उल्का आणि मी. बॉयर्ले कारखान्यात मायस्टर, म्हणजे मुकादम, होते. भास्कर नवा इंजिनिअर म्हणून लागला तेव्हा त्यांच्याच हाताखाली होता. आता ते रिटायर. आमच्यासारख्यांना इथे खोल्या मिळत नाहीत. जाहिरात पाहून गेलं की खोली नुकतीच गेलेली असते. यांनी दिल्या.

बॉयर्लेबाईंचा भाऊ ओटो ऱ्होडेशियात, बुलावायोला, मोटारी दुरुस्त करतो. त्यानं बोलावलंय. सप्टेंबरात बोटीनं निघायचं, बैराला उतरायचं, पुढे आगगाडी.

बैरा! पोर्तुगीज आफ्रिकेतलं बंदर. हातात कात्री धरता यायला लागल्यापासूनची माझी सगळी हयात तिथे गेली. बासष्ट साली पोर्तुगीजांनी आम्हा हिंदी लोकांना घालवलं. तिकडे गोवा त्यांच्या हातून गेलं, राग इकडे निघाला. मी बोटीनं मुंबईला आलो, मग भास्करनं इथे आणलं. धाकटा भाऊ आत्माराम बोटीवर चढलाच नाही. सरहद्द ओलांडून उमटालीला गेला, असं एका गोवेकर पाववाल्यानं मागाहून सांगितलं. त्यानंतर काही कळलं नाही. आत्मारामला लिहिता येत नाही, आणि माझा इथला पत्ता त्याला ठाऊक नाही. "आत्माराम बांदेकर, टेलर, उमटाली" एवढ्यावर मी पत्रं टाकली. गेली ती गेली.

बैराहून बुलावायोला जाणारी गाडी उमटालीवरून जाते.

५ ऑगस्ट

भास्करला विचारलं. जेवताना नको, म्हणून तो बूट काढत होता तेव्हा.

"बॉयर्लेंना सांगू या का, वाटेत उमटालीला उतरून आत्माकाकाची चौकशी करा म्हणून?"

तो एक बूट हातात धरून तसाच बसला. "बाबा, त्यांचं लग्न झालं आणि महायुद्ध सुरू झालं. त्यानंतरची ही पहिली मोठी सुट्टी. त्यात आपलं काम घालायचं?"

"काम कसलं, स्टेशनाजवळ विचारायचं —"

"कुणाला? कुठल्या भाषेत? आणि नाही सापडला तर त्यांनाच वाईट वाटत राहणार. इथे असं करत नाहीत, बाबा. आधीच त्यांचं काय कमी घेतलंय आपण?"

खरं आहे. उल्काचा पाळणा त्यांचा. शिलाईचं मशीन त्यांच्या माळ्यावरचं. रविवारी आम्ही मासळी तळली की बाई आपल्या खिडक्या लावून घेतात, पण शब्द बोलत नाहीत.

मी म्हटलं, बरं.

मला कुणापाशी मागायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. आत्मारामला भीड म्हणून नव्हती. दुकानाच्या शेठकडे सरळ जायचा, स्वतःसाठी मागायचा आणि माझ्यासाठीही घेऊन यायचा.

८ ऑगस्ट

बाई कापड घेऊन वर आल्या. खाकी, जाड, चांगलं. दोघांना एकेक कोट हवाय, सहा खिशांचा. भास्करनं खाली सांगून ठेवलंय की मी बैरातल्या प्रत्येक शिकाऱ्याचे कपडे शिवले. थोडं वाढवून सांगितलं. पण खाकी मी पुष्कळ शिवली. लोक बोटीतून उतरायचे, थेट दुकानात यायचे, दोन दिवसांत कोट हवा. पुढे कुठेकुठे जाणार ते बोलत उभे राहायचे आणि मी माप घ्यायचो. सिंह, हत्ती, धबधबा, सगळं मी तसं ऐकलं. तोंडात टाचण्या धरून.

माप देता देता बाई बोलत होत्या, सुलेखा मराठीत सांगत होती. धबधब्यासमोरच्या रानातून रेनकोट घालून चालत जायचं. संध्याकाळी नदीत बोट, पाणघोडे बघायला. जुन्या दगडी शहराचे पडके तट. गुहांमधली हजारो वर्षांपूर्वीची चित्रं. एका गावात ढोलांवरचे नाच. आणि हत्तींचं मोठं रान आहे, तिथे दोन रात्री.

मग म्हणाल्या, "हेर बांदेकर, तुम्ही इतकी वर्षं काढलीत तिथे. तुम्हाला यातलं काय सगळ्यात जास्त आवडलं?"

मी हाताच्या टेपकडे बघत राहिलो. यातलं मी काहीही पाहिलेलं नाही. दुकानाचा ओटा, मागची खोली, रविवारी समुद्रावर तासभर. बाकीच्या आफ्रिकेत आमच्यासारख्याला कुठल्या डब्यात बसू देतात आणि कुठल्या हॉटेलात घेतात, ते विचारायलासुद्धा मी कधी गेलो नाही.

"धबधबा," म्हटलं.

"नातुर्लिश, अर्थातच," बाई खूश झाल्या.

उगाच खांद्याचं माप दोनदा घेतलं.

१५ ऑगस्ट

आज काय केलं मी हे.

बॉयर्ले कोट घालून बघायला वर आले होते. भास्कर बाजारात गेला होता. बॉयर्लेंनी येताना अ‍ॅटलास आणलं. रेल्वेच्या रेघेवर बोट ठेवलं. "आल्झो, तर मग. बैरा. इथून थेट सॅलिसबरी. मध्ये उतरण्यासारखं काही आहे?" विचारता विचारता बोट पुढे सरकत होतं. उमटालीवर आलं. उमटालीवरून पुढे जायला लागलं.

आणि मी बोललो. "उमटालीला उतरा. तिथे डोंगर आहे. पहाटे वर गेलं की समुद्र दिसतो."

सुलेखाच्या हातात टाचण्यांची डबी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. उमटाली म्हणजे काय ते तिला माहीत आहे. मग तिनं ते जर्मनमध्ये सांगितलं, सरळ चेहऱ्यानं. वर आपलं काहीतरी जोडलंसुद्धा. त्यातलं "वुंडरश्योन", म्हणजे फार सुंदर, एवढं मला कळलं.

बॉयर्लेंनी पट्टी मागितली. नकाशावर अंतर मोजलं, अ‍ॅटलासच्या कडेला आकडे मांडले, डोकं हलवलं. "हे बसत नाही. इतक्या लांबचं दिसायला डोंगर फार उंच लागेल." मग पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "पण तुम्ही पाहिलंय?"

मी मान हलवली.

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग गणित चुकलं असेल."

ते खाली गेल्यावर सुलेखा म्हणाली, "मामंजी, समुद्र कशाला? एखादा लहानसा धबधबा सांगायचा होता. धबधबे कुठेही असतात."

मी तिला सांगितलं, एकदा तिथे उतरायचं पक्कं झालं की सहज म्हणेन, उतरताच आहात तर जरा स्टेशनाजवळच्या शिंप्यांकडे बघा. मग ते मागणं राहत नाही. जाता जाता होतं.

"यांना सांगू?"

"भास्करला नको."

"बरं," म्हणाली आणि डबी आत ठेवून आली.

२३ ऑगस्ट

उमटालीला तीन रात्री ठरल्या. बॉयर्ले म्हणतात, डोंगराचा भरवसा नाही, हवा एका दिवशी नसेल तर दुसऱ्या दिवशी असेल. परतीच्या बोटीची तारीख हलत नाही. म्हणून काहीतरी गाळावं लागलं.

सुलेखानं भाजी निवडता निवडता सांगितलं. "बाईंचे हत्ती गेले, मामंजी."

बाई लहान असताना शाळेच्या भिंतीवर हत्तींच्या कळपाचं चित्र होतं म्हणे. तेव्हापासून मनात होतं त्यांच्या.

आता तोंड उघडायची सोयच राहिली नाही. आत्मारामचं नाव काढलं की त्यांना कळणार, समुद्र कशासाठी निघाला ते. युक्ती लागू पडली आणि तिनंच माझं तोंड बांधलं.

३० ऑगस्ट

कोट पुरे झाले. नव्या कपड्याला हळदीकुंकवाचं बोट लावल्याशिवाय मी कपडा दिलेला नाही, आयुष्यात. आतल्या शिवणीला लावलं. बाईंना ते दिसलं. वर आल्या, कोट उलटा धरलेला, चेहरा कसनुसा. त्यांना वाटलं, माझं बोट कापलं आणि रक्त लागलं! "तुम्हाला फार काम पडलं" असं म्हणत माझी बोटं बघायला लागल्या.

सुलेखानं समजावलं. बाईंनी डाग तसाच ठेवला. मी मात्र बोटं मागे लपवून उभा होतो, चोरासारखा.

६ सप्टेंबर

आज सांगायचंच ठरवलं होतं. सुलेखाकडून जर्मन वाक्य पाठ करून घेतलं. समुद्र नाही, मी खोटं बोललो, माझा भाऊ तिथे आहे. जिना उतरताना तीनदा म्हटलं.

बाईंनी दार उघडलं. मी तोंड उघडायच्या आत "या, या, बसा" झालं. आलुबुखारचा केक नुकताच भट्टीतून काढला होता. वर साय. बॉयर्ले टेबलावर नवी दुर्बीण पुसत बसले होते. मला डोळ्याला लावून दाखवली. चर्चच्या मनोऱ्यावरचा पत्र्याचा कोंबडा हाताशी आल्यासारखा दिसला. "यातून तुमचा समुद्र नक्की दिसेल," म्हणाले.

केक खाल्ला. आभार मानले. वर आलो.



२० सप्टेंबर

गेले. सुलेखानं दोघांच्या हातावर दही घातलं. बॉयर्लेंनी चाटून विचारलं, साखर विसरलात का. टॅक्सी वळेपर्यंत बाई हात हलवत होत्या. लोकरीचा सोडून खाकी कोटच अंगात होता. इथे गारठा असूनसुद्धा.

मी हात हलवला की नाही ते आठवत नाही.

११ ऑक्टोबर

उल्का विचारते, "ओपा पोहोचले का?" बॉयर्लेंना ती ओपा म्हणते, मला आजोबा. मी मराठीत सांगतो, अजून नाही. ती जर्मनमध्ये विचारते, का? मी परत मराठीत सांगतो, बोट आहे, बेटा, मोटार नाही.

खाली अंधार असला की घर पोकळ वाटतं. बागेतली पानं मी गोळा करतो. त्यांनी सांगितलेलं नाही, तरी करतो.

९ नोव्हेंबर

कार्ड आलं. उमटालीहून. भास्कर वाचत होता आणि मराठीत सांगत होता.

"पहिली पहाट, दाट धुकं. दुसरी पहाट, दाट धुकं. हेर बांदेकर, उद्या पुन्हा जाणार." खाली बाईंच्या अक्षरात, बारीक: "त्याचा पाय मुरगळलाय, तरी ऐकत नाही."

भास्कर हसत होता. म्हणाला, "बाबा, तुमच्या शब्दावर माणूस लंगडत डोंगर चढतोय बघा." मग त्याचं हसू थांबलं. कार्ड उलटं करून त्यानं पोस्टाचा शिक्का पाहिला. "उमटाली? तुम्ही सांगितलंत उमटाली?"

सुलेखा उठून आत गेली.

भास्कर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मला विचारून मग माझ्या पाठीमागे." एवढंच.

माझ्या सुनेलाही मी यात ओढलं. ती आत भांडी वाजवत होती, मला ऐकू यावीत म्हणून नव्हे, तिचा हात तसाच चालतो. पण मला प्रत्येक भांडं लागत होतं.

१४ डिसेंबर

आले. बॉयर्ले काठी टेकत. दोघं उन्हानं रापलेले, बाईंचं नाक सोललेलं. माझ्यासाठी कोरलेलं लाकडी भांडं आणलंय. मी घेतलं. काय करणार होतो?

बॉयर्लेंनी समुद्राचं नाव काढलं नाही. बाई म्हणाल्या, हत्तींचं काय एवढं, स्टुटगार्टच्या प्राणिबागेत आहेत की हत्ती.

त्या बोलल्या आणि मला जिन्याची पायरी दिसेना.

१७ जानेवारी १९६५, रविवार

काल खाली स्लाइडी दाखवल्या. इथे परदेश बघून आलं की शेजाऱ्यांना बोलावतात, भिंतीवर पडदा लावतात, वाइन ठेवतात. डिया-आबेंड म्हणतात. मला जायचं नव्हतं. सुलेखा म्हणाली, नाही गेलात तर जास्त दिसेल.

दहाबारा माणसं. मागच्या खुर्चीवर बसलो, भास्कर आणि सुलेखा दोन बाजूंना. बोट, बोटीवरचं जेवण, मग बैराचा धक्का. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी हसलो असेन. मग आगगाडी, झाडं, डोंगर.

मग पडदा पांढरा. मला वाटलं, दिवा बिघडला.

"आणि हा हेर बांदेकरांचा समुद्र," बॉयर्ले म्हणाले.

सगळी खोली हसली. पुढची स्लाइड, तीही पांढरी. "दुसरी पहाट." परत पांढरी. "तिसऱ्या पहाटे समुद्राला जरा भरती होती."

लोक डोळे पुसत होते. वाईट मनानं कुणीही हसत नव्हतं. मीही हसलो असतो. मी पायाखालच्या सतरंजीची वीण बघत होतो.

"आणि हे गाव. पायाला बांधायची पट्टी घ्यायला बाहेर पडलो तेव्हा."

मान वर केली ती उगाचच. दुकानांची रांग, पुढे व्हरांडा. एका दुकानापुढे मशीनवर शिंपी, पाठमोरा. डोक्यावर टोपी, छपराची सावली मानेपर्यंत. ऊन फक्त स्टुलावर. स्टुलावर पायाचा उताणा तळवा.

हे कसं लिहू? आमचे आबा, म्हणजे वडील, जमिनीवर मांडी घालून हातमशीन चालवायचे. पायमशीन आलं तेव्हा त्यांना स्टुलावर पाय सोडून बसणं जमेना. डावा पाय मांडीखाली दुमडायचे आणि एकट्या उजव्यानं पायटा मारायचे. मागून बघितलं की डावा तळवा उताणा दिसायचा. मी ते शिकलो नाही. आत्माराम शिकला. बैरात शेठ त्याला म्हणायचा, बकऱ्यासारखा काय बसतोस, गिऱ्हाईक हसतं. तो तसाच बसायचा.

मी उठलो. "थांबा!" मराठीतच म्हटलं. बॉयर्लेंनी पुढची स्लाइड लावली. "मागे, मागे —" सुलेखानं जर्मनमध्ये सांगितलं. ती परत आली.

"माझा भाऊ," मी म्हटलं.

स्लाइड दिव्यापुढे फार वेळ ठेवली तर फिल्म वितळते. बॉयर्ले ती थोडा वेळ लावायचे, काढून हवेत हलवायचे, परत लावायचे. आत्माराम यायचा आणि जायचा. कुणी हसत नव्हतं आता. कुणाला काही कळतही नव्हतं.

मग मी सांगितलं. सुलेखानं एक शब्द गाळला नाही. समुद्र नाही, कधीच नव्हता. त्या डोंगरावर मी गेलेलो नाही. धबधबाही बघितलेला नाही, काहीच बघितलेलं नाही. माझा भाऊ उमटालीत आहे असं ऐकलं होतं. शोधा म्हणायची लाज वाटली, म्हणून तुम्हाला समुद्र सांगितला.

भास्कर मध्येच जर्मनमध्ये काही बोलला. सुलेखा माझ्या कानात म्हणाली, "ते सांगतायत, मीच नको म्हटलं होतं बाबांना."

बाईंनी दिवा लावायला सांगितला. उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या. ओटोच्या मागचा त्यांचा आणखी एक भाऊ होता, कार्ल. रशियात गेला तो बेपत्ता. लढाईनंतर कैद्यांच्या गाड्या यायच्या तेव्हा त्या स्टेशनावर जायच्या, कार्लचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून गळ्यात अडकवलेला. अनोळखी शिपायांच्या बाह्या ओढायच्या. हा बघितलात का, हा कुठे भेटला का. वर्षानुवर्षं. तो आला नाही.

"मला लाजायला वेळ नव्हता, हेर बांदेकर," म्हणाल्या. "आणि तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून केक खाल्लात आणि परत गेलात."

बॉयर्ले काठीच्या मुठीवर हात ठेवून बसले होते. "मला एक साधं वाक्य पुरलं असतं," म्हणाले.

लोक कोट घालून निघायला लागले. जाताना एकेकानं माझा हात हातात घेतला. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता.

आज सकाळीच बाईंनी ओटोला तार केली. तो शनिवारी मोटारीनं उमटालीला जाणार.

१९ जानेवारी

बॉयर्ले वर आले. पायामुळे ते जिना चढत नाहीत, म्हणजे काही मोठं असणार. खिशातून छोटं भिंग काढलं, स्लाइड घालून डोळ्याला लावायचं. न दाखवलेल्या स्लाइडी ते वेगळ्या डब्यात ठेवतात. ही हललेली होती म्हणून बाजूला काढली होती. त्याच व्हरांड्याची. शिंप्यानं मान वळवून बॉयर्लेंकडे बघितलेलं.

मी भिंग उजेडाकडे धरलं.

तिथलाच माणूस. हबशी, तीस-पस्तिशीचा. हसतोय.

तळव्यावरून काय कळणार? त्यांचे तळवे आणि आमचे तळवे सारखेच असतात, फिके.

बॉयर्लेंनी भिंग परत खिशात घातलं. माझ्या खांद्यावर थोपटलं आणि कठड्याला धरून उतरले.

सगळ्या आळीपुढे मी भाऊ सापडला म्हणून ओरडलो. सकाळी बेकरीतल्या बाईनं विचारलं, भावाची काही बातमी? परवापर्यंत मी खोटारडा होतो, आता खोटारडा आणि खुळा. आणि तिकडे ओटो एका परक्या शिंप्यासाठी दिवसभर मोटार हाकणार! भास्करला सांगितलं, उद्या कामावर जाताना तार कर, जाऊ नका म्हणून. तो म्हणाला, "जाऊ द्या की बाबा, विचारतील तरी." मी म्हटलं, नको. पुरे झालं. कुणाचं आणखी काही घेववत नाही मला.

करतो म्हणाला.

२० जानेवारी

तार गेली नाही.

भास्कर बूट घालत होता. सुलेखा माझ्यापुढे चहा ठेवून म्हणाली, "मामंजी, चेहरा दुसऱ्याचा. पण पाय?"

आबांची बैठक पाहून येत नाही. पायाला मुंग्या येतात, माणूस दोन दिवसांत सोडून देतो. शेजारी बसून कुणाला तरी महिनोन्महिने गुडघ्यावर मापाचा गज मारावा लागतो. त्या माणसाच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं.

तसाच अनवाणी खाली गेलो. सुलेखा नाही, भास्कर नाही. मोडक्या जर्मनमध्ये बाईंना म्हटलं, ओटोला सांगा, जाच. त्या माणसाला विचारा, असं बसायला कुणी शिकवलं. बिट्टे, एवढं करा.

आत्मा, मी इथे आहे. ज्याला बसायला शिकवलंस त्याला लिहायला सांग, पण लवकर कळव.